पाटावरची वेल

आमच्या आईला बागकामाचा नाद होता, असं कुणी म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं. नाद करायला सवड लागते आणि जागा लागते. तिच्याकडे दोन्ही नव्हतं. धुळ्याच्या सरकारी क्वार्टरपुढे बारा पावलं लांब आणि आठ पावलं रुंद असं मुरमाड अंगण होतं, तेवढ्यात तिने सहा वर्षं खपून एक वेल पसरवली. ती वेल कुठे गेली आणि कुणामुळे गेली, ते मला सांगायचं आहे. दोष कुणाच्या माथी मारावा याचा मी आयुष्यभर हिशेब लावला आणि दर वेळी फिरून माझ्याच दारात आले.

आबा, म्हणजे माझे वडील, एका सरकारी खात्यात कारकून होते. मी तिसरीत असताना, सहासष्ट-सदुसष्टच्या सुमाराला, त्यांची अमळनेरहून धुळ्याला बदली झाली आणि आम्ही तिघं त्या दोन खोल्यांत राहायला आलो. बैठ्या क्वार्टरांची एक रांग, प्रत्येकापुढे तारेचं कुंपण आणि कुंपणाच्या आत अंगण. त्या रांगेतल्या बायकांचा दिवस शेणसड्याने सुरू व्हायचा. सारवलेलं, गुळगुळीत, काडी पडली तरी दिसेल असं अंगण हीच बाईची अब्रू. आईनेही पहिले काही महिने इमानेइतबारे सडा घातला. पण ती फैजपूरकडच्या केळीबागेतली मुलगी. तिच्या माहेरी विहिरीचं पाणी पाटातून केळीला जायचं आणि पाटाच्या दोन्ही काठांवर एक बुटकी वेल जमिनीला चिकटून पसरलेली असायची. बोटाच्या पेराएवढी पानं, पुढच्या टोकाला दातेरी. वर चमकीएवढी पांढरट जांभळी फुलं. ती वेल काठाची माती धरून ठेवते, पाट फुटू देत नाही, म्हणून तिकडे ती कुणी उपटत नसे. जलपिंपळी हे तिचं नाव मला फार पुढे कळलं. आई तिला नुसतं ‘पाटावरची’ म्हणायची.

एकदा माहेरून येताना तिने ओल्या फडक्यात या वेलीचे पाच-सहा तुकडे गुंडाळून आणले. एस.टी.त सगळा वेळ ते फडकं तिच्या मांडीवर होतं आणि माझा डबा पायाशी. धुळ्याला पोचल्यावर तिने पहारीने मुरमात वीतभर खड्डे केले, पांझरेच्या काठची गाळाची माती आणून त्यांत भरली आणि वेलीचा एकेक तुकडा आडवा ठेवून त्याच्या पेरावर खापराचा एक तुकडा दाबून ठेवला. फुटक्या माठाची खापरं. या वेलीला पेरापेराशी मूळ फुटतं, पण पेर मातीला टेकलं पाहिजे. कडक मुरमावर ते आपण होऊन टेकत नाही, वाऱ्याने उचललं जातं. म्हणून खापर. पंधरा दिवसांनी मूळ धरलं की खापर उचलायचं आणि पुढच्या पेरावर ठेवायचं. एवढंच. सहा वर्षं ती हेच करत होती. सकाळी भांडी घासून झाली की वाकायची, खापरं पुढे सरकवायची, आणि तांदुळाचं धुवण, भाजीचं धुवण, आंघोळीचं पाणी खापराखापराशी ओतायची.

“उघडी माती पयते व बाई,” ती मला सांगायची. पळते म्हणायला ती पयते म्हणायची. “तिले धरून ठेवनारं कोनी पायजे.”

शेजारच्या क्वार्टरमध्ये एक अक्का राहायच्या. सगळ्या रांगेच्या न्यायाधीश. त्यांनी दोन महिने धीर धरला आणि मग कुंपणाशी येऊन सुनावलं, “अंगनमा गवत उगनं म्हंजे घर वस पडनं. तुना घरमा बाई शे का नही, असं लोक इचारतीन.” वस पडणं म्हणजे ओसाड पडणं. आमच्याकडे अंगणात गवत दिसणं म्हणजे घरातलं माणूस संपलं, वंश खुंटला. आईला माझ्या पाठीवर काही राहिलं नव्हतं आणि अक्कांना ते माहीत होतं. टोमणा बरोबर बसला असणार. आई हसली आणि म्हणाली, “बाई आहे ना. ही काय, वाकेल आहे.” आणि पुन्हा खाली वाकली.

आबांना त्या वेलीचं सोयरसुतक नव्हतं. ऑफिसला जाताना ते तिच्यावर पाय पडू नये म्हणून कडेकडेने जात, एवढंच. तेही वेलीसाठी नव्हे. फुलांवर मधमाश्या बसायच्या आणि एकदा चपलेच्या पट्ट्यात शिरून त्यांना एक चावली होती. त्यांचं सगळं चित्त हेडक्लार्कच्या जागेवर. ती जागा कधी रिकामी होणार, कुणाचा नंबर वर आहे, साहेबांची मर्जी कुणावर आहे, जेवताना दुसरा विषय नसे. घरातही ते ऑफिसातलंच मराठी बोलायचे. आई तिच्या तावडी बोलीत बोलायला लागली की पाहुण्यांसमोर त्यांच्या कपाळावर आठी यायची.

ती आठी मी उचलली. हे लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. घरात मी तिला माय म्हणायचे आणि शाळेत ‘माझी आई’. मैत्रिणी घरी आल्या की तिने बाहेर येऊ नये असं मला वाटायचं. आली की ती विचारायची, “केयी खाता का व पोरींनो?” आणि मैत्रिणी परत जाताना रस्ताभर ‘केयी, केयी’ करून खिदळायच्या. त्यांच्याबरोबर मीही हसायचे.

मी नववीत असताना बाहत्तरचा दुष्काळ आला. नळाला तीन दिवसांआड पाणी, तेही करंगळीएवढं. मग टँकर सुरू झाले. रांगेतल्या लोकांनी दारच्या तुळशीसुद्धा सोडून दिल्या. आईने मात्र न्हाणीचं भोक बोळा घालून बंद केलं. आम्ही तिघंही साबणाशिवाय, घंगाळात बसून आंघोळ करायचो आणि ते पाणी ती तांब्याने अंगणात न्यायची. एकेका मुळाशी अर्धा तांब्या, मोजून. भांडी तर ती पूर्वीपासून राखेनेच घासायची. साबणाचं पाणी वेलीला सोसत नाही असं तिचं मत होतं. अक्का सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा बोलायच्या, “मानसेस्ले प्यायले पानी नही, अन् ही गवतले पाजी राहिनी.” आई तांब्या घेऊन पुढच्या मुळाशी सरकायची. प्यायच्या पाण्यातला थेंबही तिने कधी वेलीला घातला नव्हता. पण ते कुणाला सांगत बसायला ती मोकळी नव्हती.

त्या फाल्गुनात सगळ्या धुळ्याचा रंग उडाला होता आणि आमच्या दारात हिरवागार गालिचा. मुरमाचा एक खडा दिसत नव्हता. पाय ठेवला की गार लागायचं. संध्याकाळी रांगेतल्या बायका तांदूळ निवडायला आमच्याच अंगणात येऊन बसायला लागल्या. अक्का सगळ्यांत आधी. सुपं घेऊन, पाय लांब करून, टाचा त्या पानांत खुपसून बसायच्या. गवत म्हणून नाकं मुरडली ती हीच मंडळी. आईने त्यांना बसू दिलं. तिच्या जागी मी असते तर उठवून लावलं असतं.

आणि तेव्हाच एके दिवशी दुपारी साहेबांची जीप आमच्या कुंपणाशी थांबली. आबांच्या साहेबांची पत्नी, बाईसाहेब, महिला मंडळाचं काहीतरी निमंत्रण देत फिरत होत्या. पुण्याच्या. पांढरी सुती साडी, मनगटावर घड्याळ, आणि बोलणं असं की आमच्या मराठीच्या बाईंनी उभं राहून ऐकावं. मी दारात उभी होते. आई मागच्या बाजूला भांडी घासत होती, राखेचा खसखस आवाज येत होता.

बाईसाहेब अंगणाकडे बघतच राहिल्या. चप्पल काढून त्यांनी एक पाय पानांवर ठेवला.

“अगं, किती सुंदर! अशा दुष्काळात? कुणी लावलं हे?”

हाक मारली असती तर आई दहा पावलांवर होती. हाताला राख, लुगड्याचा काचा खोचलेला, आणि तोंड उघडलं असतं तर ‘पाटावरची व बाई, आमच्या केयीच्या मयातली’ असं काहीतरी बोलली असती. मला ते सगळं एका क्षणात दिसलं आणि कानशिलं तापली.

“वडिलांनी,” मी म्हणाले. अगदी शाळेतल्या मराठीत.

कुणालाही ते खटकलं नसतं. घर कुणाचं विचारलं की बापाचं नाव सांगायचं, शेत कुणाचं, गाय कुणाची, मुलगी कुणाची, सगळ्याला एकच उत्तर. आमच्याकडे हे उत्तर लेकरांना बोलायला लागल्यापासून पाठ असतं. माझ्या तोंडून ते सवयीनेच आलं, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं. पण सवयीने कानशिलं तापत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आबांना बंगल्यावर बोलावणं आलं. संध्याकाळी ते घरी आले ते चेहरा उजळूनच. मुंबईहून दुष्काळाची पाहणी करायला मोठी माणसं येणार होती, बंगल्यावर त्यांचं चहापाणी होतं आणि बंगल्यापुढचं मोठं अंगण उघडं बोडकं पडलं होतं. बाईसाहेबांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, “तुमच्या हाताला गुण आहे म्हणे. आमचंही अंगण हिरवं करून द्या.” हे सांगताना आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ही वेल आपण लावलेली नाही हे त्यांना ठाऊक होतं, त्यांचं नाव मी सांगितलं हे त्यांना कळलं, आणि त्यांनी ते खोडून काढलं नाही हे मला कळलं. आम्ही दोघांनीही माना खाली घातल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, त्या दिवशी आमच्या घरात दोन चोर होते.

आईला आबांनी एवढंच सांगितलं, “साहेबांना थोडी वेल हवी आहे.”

“न्या ना,” आई म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता. “कोपऱ्यातली न्या. चार पेरं दिली तं दोन वर्सात त्याईचं आंगन भरीन. मी दाखवीन कशी लावायची तं.”

दोन वर्षं! पाहुणे आठ दिवसांवर आले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला आणि आई हंडे घेऊन रांगेत उभी राहायला गेली. ती गेली तसे आबा पाच-सहा मजूर घेऊन आले. फावडी, घमेली आणि एक हातगाडी. आबांनी त्यांना मुद्दाम तीच वेळ सांगितली होती, हे मी तेव्हाच ओळखलं. मजुरांनी कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि कोपऱ्यावर थांबले नाहीत. वेल गोधडीसारखी गुंडाळून निघत होती, खालून मुळांचं पांढरं जाळं दिसत होतं. कडेच्या नव्या पेरांवर अजून खापरं होती. फावडं त्यांवर खणखणायला लागलं तेव्हा आबा मला म्हणाले, “ती खापरं उचल बरं तेवढी.”

मी उचलली. एकेक करून, ओच्यात घेऊन. वेल तुटायला नको म्हणून हलक्या हाताने. कुठलं खापर कसं काढायचं ते मला चांगलं माहीत होतं, तिनेच शिकवलं होतं.

आई डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन परत आली तेव्हा हातगाडी भरून झाली होती. अंगण पहिल्या दिवसासारखं, मुरमाचं. ती आरडाओरडा करेल असं मला वाटलं होतं. तिने हंडा उतरवला, गाडीजवळ गेली, एक गुंडाळी उलटून पाहिली.

“मुयं तोडली का उपटली?” तिने मजुरांना विचारलं. मग ती आबांना म्हणाली, “नेल्याबरोबर लावा. खालची माती खनून घ्या, मुरमावर नका टाकू. दोन दिस सावली करा.” आणि तीन तास उभी राहून आणलेल्या हंड्यातलं पाणी, प्यायचं पाणी, तिने ओंजळीने त्या गाडीवर शिंपडलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. वेल गेली तर गेली, मरू नये, एवढंच त्या वेळी तिच्या मनात होतं. बंगल्यावर जगली तरी ती तिचीच होती.

आबा मान हलवत गाडीमागून गेले.

त्यानंतर रोज संध्याकाळी आबा घरी आले की पाण्याचा तांब्या हातात देताना ती विचारायची, “लागली का?” वेलीने मूळ धरलं का, हा तिचा प्रश्न.

“लागली,” आबा म्हणायचे.

मला खरं काय ते आठव्या दिवशी कळलं. बंगल्यावरचा शिपाई टपाल द्यायला आमच्याकडे आला होता, आई घरात नव्हती, त्याने मला सांगितलं. वेल रोलर फिरवलेल्या मुरमावर नुसती अंथरली होती. तिच्यावर टँकरचं पाणी सोडत होते, दिवसातून दोनदा. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी वरच्या कचेरीतले एक मोठे साहेब तयारी पाहायला आले आणि अंगण पाहून भडकले. दुष्काळ पाहायला माणसं येताहेत आणि दारात हिरवळ? पेपरवाल्यांनी फोटो काढला तर? दुपारपर्यंत सगळी वेल खरवडून काढली, कुंपणापलीकडे फेकली आणि वर ताजा मुरूम पसरला. पलीकडे शेळ्या होत्याच. शिपायाला हे सांगताना हसू आवरत नव्हतं. फावडं हातात घेऊन उभं राहायला साहेबांनी आबांनाच लावलं होतं.

मी हे आईला सांगितलं नाही. त्या संध्याकाळी तिने विचारलं, “लागली का?” आणि आबा “लागली” म्हणाले. मी पुस्तकात डोकं घालून ऐकलं. पुढचे दहा-बारा दिवस ऐकत राहिले.

मग चैत्रातलं हळदीकुंकू आलं. बाईसाहेबांनी खात्यातल्या सगळ्या बायकांना बंगल्यावर बोलावलं. इतर वेळी आई काहीतरी निमित्त काढून टाळायची. त्या दिवशी दुपारपासूनच तिची गडबड. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली, केसांना तेल लावलं आणि निघताना एक कापडी पिशवी घेतली. पिशवीत काहीतरी वाजत होतं. रस्त्यात मी विचारलं.

“खापरं घेतली व,” ती म्हणाली. “त्याईले कुठी माहीत असतं. पेर टेकलं नसीन तं आपुन ठेवून देऊ. बाईसायेबाईले दाखवू.”

बंगला वीस मिनिटांच्या वाटेवर होता. मला सगळं माहीत होतं. वाटेत थांबून सांगता आलं असतं, पोट दुखतं म्हणून रस्त्यात बसून घेता आलं असतं. मी तिच्या पिशवीचा आवाज ऐकत चालत राहिले. भित्री होते, दुसरं काही नाही.

फाटकाच्या आत लालसर मुरूम सपाट पसरला होता, कडेला चुन्याने रंगवलेल्या विटा तिरप्या रोवलेल्या. आई फाटकात थबकली. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. बंगल्याच्या मागच्या बाजूला असेल म्हणून मान वाकडी करून पाहिलं. मग बाईसाहेब पायऱ्या उतरून आल्या.

“या ना, या! अहो, तुमचे फार उपकार झाले बरं का. पण काय करणार, वरून हुकूम आला, सगळं काढावं लागलं. मला इतकं वाईट वाटलं!” त्या मनापासून बोलत होत्या, ढोंग नव्हतं. मग त्यांनी माझ्या गालाला हात लावला. “तुमच्या या मुलीनंच सांगितलं मला. वडिलांनी लावलंय म्हणाली. यजमानांच्या हाताला अगदी गुण आहे हं तुमच्या. तुम्हीही शिकून घ्या त्यांच्याकडून.”

आईने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्यात राग असता तर मी आज हे लिहीत बसले नसते. तिला फक्त खरं करून घ्यायचं होतं, आणि माझ्या तोंडाकडे पाहून ते झालं. मग तिने कपाळ पुढे केलं, हळदीकुंकू लावून घेतलं, आंब्याची डाळ खाल्ली, पन्हं प्यायली. पिशवी सगळा वेळ मांडीवर होती. तिने ती उघडली नाही.

घरी आल्यावर आबांना तिने काही विचारलं नाही. “लागली का?” हा प्रश्न त्या दिवसापासून बंद झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने अक्कांकडून शेण मागून आणलं आणि अंगण सारवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटांच्या वळ्या उठवत. अक्का कुंपणाशी येऊन खूश झाल्या. “आते कसं! आते घरमा बाई शे असं वाटस.”

आषाढात पाऊस पडला तसे कुंपणाच्या कडेने, सारवणाच्या भेगांतून वेलीचे हिरवे डोळे वर आले. मुळं खोल राहिली होती. मला वाटलं, आता सगळं पुन्हा होईल, मी खापरं ठेवीन, पाणी घालीन, फेडून टाकीन. पण आई रोज सकाळी सडा घालायच्या आधी वाकायची आणि एकेक कोंब नखाने खुडून काढायची. नुसता कोंब नाही, पेरासकट मूळ. सगळा पावसाळा. एकदा मी न राहवून म्हणाले, “माय, राहू दे ना.” तिने हात थांबवला नाही. “राहू देऊन काय करू? उद्या आनखी कोनी मांगीन.” मला ती आयुष्यात याहून कडू बोलली नाही.

आबांचं काय झालं? हेडक्लार्कची जागा दुसऱ्याला गेली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं राहिलं. तीन वर्षांनी नंबर लागला तेव्हा तीच बढती आपसूक मिळाली, एक पान न देता. पेढे आणले. आईने देवापुढे ठेवले आणि मला एक दिला. आपण नाही खाल्ला.

माझं लग्न सत्त्याहत्तरला झालं. नवराही सरकारी नोकरीत, जळगावला, आणि आम्हालाही क्वार्टर मिळालं. बैठं, पुढे अंगण. माझ्या मनात पहिल्या दिवसापासून एकच होतं. मामांना पत्र टाकून फैजपूरहून वेलीचे तुकडे मागवले, माठ नसताना बाजारातून फुटका माठ शोधून आणला, खापरं केली. दोन वर्षांत अर्धं अंगण हिरवं झालं. मग आईला बोलावलं. पत्रात वेलीबद्दल काही लिहिलं नाही, तिने येऊन पाहावं अशी इच्छा होती.

ती रिक्षातून उतरली आणि फाटकातच उभी राहिली. हातात पिशवी.

“कोनी लावली?”

“मी,” मी म्हणाले. “मी लावली, माय.” सहा वर्षं मला हा प्रश्न पुन्हा कुणीतरी विचारायला हवा होता.

तिने पिशवी खाली ठेवली, वाकली, कडेचं एक खापर उचलून खाली मूळ धरलं आहे का ते पाहिलं आणि ते पुढच्या पेरावर ठेवलं. मला रडू आलं. वाटलं, फिटलं.

संध्याकाळी नवऱ्याचे एक सहकारी आले. अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. मी चहा घेऊन दारापर्यंत आले तेव्हा पाहुणे म्हणत होते, “वा! जळगावच्या उन्हात हे? कुणी केलं हो हे सगळं?”

नवरा खुर्चीत मागे रेलला होता. वाईट माणूस नव्हता तो. त्याने एकदा अंगणावरून नजर फिरवली आणि सहज म्हणाला, “केली थोडी बाग. आवड आहे आपल्याला.”

आई दाराच्या आत, उंबऱ्याजवळ सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात थांबला. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, बंगल्यावर पाहिलं होतं तसंच, आणि वाट पाहिली. माझ्या हातात ट्रे होता, तीन पावलांवर खुर्च्या होत्या आणि दोन शब्द बोलायचे होते.

मी चहा दिला. साखर पुरेशी आहे ना, असं पाहुण्यांना विचारलं आणि आत आले.

आईने पुन्हा तांदुळात बोटं घातली. एक खडा काढून उंबऱ्याबाहेर टाकला.

“जाऊ दे व बाई,” ती हळू म्हणाली. “क्वाटर त्याच्या नावावर आहे.”